रोमचा पाणी-कारभारी आणि हौदाचा गिलावा



आमच्या गांवीं पोहण्याचा एक सार्वजनिक तलाव आहे. गेल्या चैत्रांत दुरुस्तीसाठीं तो रिकामा केला, तेव्हां सायंकाळच्या फेरफटक्यांत मीं सहज आंत डोकावून पाहिलें. पाणी असतांना जो तलाव निळा, नितळ आणि गुळगुळीत भासतो, तोच कोरडा पडल्यावर किती विद्रूप दिसतो! पाण्याची पातळी जेथपर्यंत असे तेथें चारी भिंतींवर वीतभर रुंदीचा करडा-पांढरा पट्टा बसला होता, आणि नखानें खरवडूनहि तो निघत नव्हता. तळाशीं मात्र उलट प्रकार. तेथला गिलावा जागोजाग झिजून आंतील खडे वर आले होते आणि बाकीच्या भागावर भेगांचें बारीक जाळें पसरलें होतें. माझा नातू रोज तळवे सोलून घरीं कां येत असे, याचा उलगडा मला त्या दिवशीं झाला.

हा गिलावा कांहीं जुना नव्हे. तीनच वर्षांपूर्वीं पांढरें सिमेंट आणि संगमरवराची भुकटी कालवून तो केलेला होता. मुलांना सुट्टी लागण्यापूर्वीं तलाव उघडला पाहिजे, या घाईनें तें काम ऐन वैशाखांत, भर दुपारच्या उन्हांत उरकलें, आणि पुढें कित्येक दिवस तलाव तसाच कोरडा तापत राहिला. तेथें उभा असलेला एक वृद्ध गवंडी मला म्हणाला, “गुरुजी, गिलाव्याला सावली आणि पाणी लागतं. ह्याला दोन्ही मिळालं नाही.” चमत्कार असा कीं व्यवस्थापक मंडळी पुन्हां वैशाखांतच नवा गिलावा करण्याच्या विचारांत होती! मंडळींच्या सभेंत मीं भीत भीत या गोष्टीला विरोध केला आणि बोलण्याच्या ओघांत एका रोमन अधिकाऱ्याचा दाखला दिला. तेव्हां एक गृहस्थ हंसून म्हणाले, “मास्तर, रोमच्या गवंड्यांचा आमच्या तलावाशीं काय संबंध?” त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. आजचें भाषण हें तें उशिरा सुचलेलें उत्तर आहे, असें समजावें.

प्रथम त्या पांढऱ्या पट्ट्याचा विचार करूं. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणाला फेंस येत नाहीं, त्याला आपण जड पाणी म्हणतों. अशा पाण्यानें न्हाणीघरांतील बंब आंतून पांढरा होतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना मातींतील कर्बाम्लवायु आपल्यांत घेतें. सोडावॉटरच्या बाटलींत असतो तोच हा वायु. त्याच्या साहाय्यानें तें पाणी चुनखडीचा अंश विरघळवून बरोबर वाहून नेतें. पुढें तें उघड्यावर आलें, उसळलें किंवा तापलें म्हणजे वायु उडून जातो, आणि त्याच्या आधारावर तरंगणारा चुना जेथें जागा मिळेल तेथें बसतो. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते; या चुन्याचा स्वभाव नेमका उलटा. पाणी जितकें ऊन तितका तो अधिक खालीं बसतो. शिवाय उन्हानें हौदांतील पाण्याची वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेंच राहतात. तूट भरून काढण्यासाठीं आपण नवें पाणी सोडतों, तें आपले क्षार घेऊन येतें, आणि उन्हाळा संपेपर्यंत मूळचें जड पाणी अधिकच जड होऊन बसतें.

आतां रोमकडे वळूं. पोहण्याच्या हौदाला रोमन लोक ‘पिस्किना’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ माशांचें तळें. पुढें पोहण्याचा हौद, पाण्याचा सांठा आणि गाळ बसविण्याचें कुंड या सर्वांना तेंच नांव पडलें. सम्राट ऑगस्टसचा उजवा हात जो अग्रिपा, त्यानें इसवी सनापूर्वीं १९ या वर्षीं ‘व्हर्गो’ नांवाचा कालवा रोममध्यें आणला आणि आपल्या स्नानगृहाला त्याचें पाणी दिलें. पुढें ही हौस वाढतच गेली. सेनेका हा तत्त्वज्ञ आपल्या एका पत्रांत जुन्या काळच्या सेनापति सिपिओचें अंधारें, साधें स्नानगृह पाहून आल्याचें वर्णन करतो आणि नव्या श्रीमंतांना टोमणा मारतो कीं, थासोस बेटाचा जो संगमरवर पूर्वीं एखाद्या देवळांत क्वचित् दिसे, तो आतां पोहण्याच्या हौदांना बसवितात. इ. स. २१६ च्या सुमारास उघडलेल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहांतील पोहण्याचा हौद तर सुमारें ५० मीटर लांब होता आणि त्यावर छप्पर नव्हतें. वर इटलीचें कडक ऊन आणि खालीं डोंगरांतून आलेलें चुन्याचें पाणी, अशा दोन शत्रूंच्या मध्यें तो हौद होता.

संगमरवर ही केवळ शोभा. पाणी धरून ठेवणारा खरा अंगरखा त्याच्या खालीं असे. तो कसा करावा हें व्हिट्रूव्हियस या वास्तुशास्त्रज्ञानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलें आहे. हौदासाठीं स्वच्छ, खरखरीत वाळूचे पांच भाग आणि कडक चुन्याचे दोन भाग घ्यावे, त्यांत फोडलेला कठीण दगड मिसळावा, पण एकहि तुकडा एक रोमन पौंडाहून जड नसावा, आणि तें मिश्रण लोखंड बसविलेल्या धुमसांनीं ठोकून घट्ट करावें. नदीची वा समुद्राची वाळू वापरावयाची असेल तर तींत भाजलेल्या मातीच्या चाळलेल्या भुकटीचा तिसरा हिस्सा घालावा, आणि जेथें ओल येते तेथें भिंतीच्या तळाशीं वाळूऐवजीं हीच भुकटी वापरावी, असेंहि तो सांगतो. ही भुकटी म्हणजे आपली सुरखी! आपल्याकडील जुन्या वाड्यांचे हौद, कारंजीं आणि न्हाणीघरें ज्या चुना-सुरखीनें झालीं, तीच ही जात. रोमन गवंड्यानें ती आपल्याला शिकविली किंवा आपण त्याला, असें म्हणण्याचें मला धाडस नाहीं. विटांचे तुकडे फेंकून न देतां चुन्यांत कुटून पाहण्याची बुद्धि दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें होणें कांहीं अशक्य नव्हे. परंतु गुण एकच. नुसता चुना हवेंतील कर्बाम्लवायु शोषून हळूहळू कठीण होतो. त्यांत विटांची भुकटी पडली कीं दोहोंचा पाण्याच्या संगतींत संयोग होतो, आणि तो गिलावा पाण्याखालींहि घट्ट होत जातो. थोरला प्लिनी तर आणखी एका लेपाची कृति देतो. कळीचा चुना मद्यांत विझवावयाचा आणि डुकराची चरबी व अंजीर घालून कुटावयाचा. हें वाचून कोणी नाक मुरडूं नये. आमचे आजे चुन्याच्या घाणींत गूळ, बेलफळ आणि हिरड्याचें पाणी घालीतच होते.

रोमन हौदांचें आणखी एक लक्षण पाहण्यासारखें आहे. तळ आणि भिंत जेथें मिळतात तेथें काटकोन न ठेवतां त्या कोनांत गिलाव्याची गोल गोट भरलेली असते. हौद भरतांना व रिकामा होतांना, तापतांना व निवतांना पहिली भेग पडते ती त्याच सांध्यांत. शिवाय कोपऱ्यांत घाण सांचते आणि ती खरवडतांना गिलावा उखडतो. गोल गोटीनें दोन्ही संकटें टळतात. नेपल्सजवळ मिसेनम येथें रोमन लोकांचा एक प्रचंड जलसांठा अद्याप उभा आहे. त्याची लांबी सुमारें ७० मीटर, रुंदी २५ मीटर, उंची १५ मीटर, आणि छत पेलण्यास ४८ खांब. त्याच्या तळाच्या मधोमध एक खोलगट कुंड आहे. त्यांत गाळ जमावा आणि हौद साफ करणाऱ्यांना तो काढतां यावा, अशी योजना. म्हणजे हौद बांधीत असतांनाच तो साफ करणाऱ्या माणसाची आठवण ठेवलेली होती.

आणि आतां मी त्या माणसाकडे येतों, ज्याचा दाखला मीं सभेंत दिला. त्याचें नांव सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस. हा लहानसहान अधिकारी नव्हे. तो ब्रिटनचा सुभेदार होता, तीन वेळां कॉन्सलच्या पदावर चढला, युद्धशास्त्रावर त्यानें ग्रंथ लिहिला. इ. स. ९७ मध्यें सम्राट नर्व्हानें त्याला रोमच्या पाण्याचा कारभारी नेमलें. आपल्याकडे असें खातें एखाद्या मुत्सद्द्याच्या वांट्याला आलें तर तो त्यास शिक्षा समजेल! या गृहस्थानें मात्र कामावर रुजू होतांच प्रतिज्ञा केली कीं, हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावर चालणें अधिकाऱ्याला लाजिरवाणें आहे, म्हणून प्रथम सर्व काम आपण स्वतः शिकून घ्यावें. आणि शिकतां शिकतां त्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं एक टिपण तयार केलें. लॅटिन मला येत नाहीं. इंग्रजी भाषांतरावरून मीं तें वाचलें. शाळेंत तीस-पस्तीस वर्षें हजेरीपटांशीं ज्याचा संबंध आला, त्याला तें वाचतांना एखादा जिवलग स्नेही भेटल्यासारखें वाटतें. कोणता कालवा कोणीं, केव्हां बांधला, त्याची लांबी किती, जमिनीखालून किती, कमानींवरून किती, कोणत्या तोटींतून किती पाणी जातें, कागदावर किती आणि प्रत्यक्ष किती, चोऱ्या कोठें होतात, सर्व कांहीं आंकड्यांनिशीं मांडलेलें आहे.

त्या वेळीं रोमला नऊ कालव्यांनीं पाणी येई. त्यांची देखभाल करण्यास राज्याच्या मालकीचे गुलाम असत. २४० जण अग्रिपाच्या वेळेपासूनचे आणि ४६० जण सम्राट क्लॉडियसनें वाढविलेले, एकूण ७००. त्यांचे वर्ग फ्रॉन्टिनस सांगतो. कोणी टाक्या सांभाळणारे, कोणी मार्गावर गस्त घालणारे, कोणी फरसबंदी करणारे, आणि त्यांत गिलावा करणारे स्वतंत्र! गिलाव्याच्या कामगारांना कायम पटावर ठेवणारें हें राज्य होतें. पण फ्रॉन्टिनस येण्यापूर्वीं हे लोक वरिष्ठांच्या मेहेरबानीनें खासगी कामांवर जुंपले जात, ही गोष्टहि त्यानें लपविलेली नाहीं. त्यानें हुकूम काढला कीं आदल्या दिवशीं दुसऱ्या दिवसाचें काम ठरवून द्यावें आणि रोज काय झालें त्याची नोंद वहींत व्हावी.

आतां या टिपणांतील तो भाग, ज्यासाठीं मीं हा सारा प्रपंच केला. कालवे कशानें बिघडतात याची चर्चा करतांना तो म्हणतो कीं, जो भाग जमिनीखालीं आहे त्याला थंडी व ऊन लागत नसल्यामुळें तो कमी बिघडतो. खरें नुकसान होतें तें कमानींवरून व डोंगराच्या कडेनें जाणाऱ्या भागांचें. आमच्या पुण्यास पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून पाणी आणलें तेंहि जमिनीखालच्या बांधीव नळांतूनच, आणि वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवून. उन्हापासून पाणी व चुना दोन्ही झांकावीं, ही जाणीव तेथेंहि दिसते. पुढें फ्रॉन्टिनस सांगतो कीं, पाण्यांतील गाळ सांचून कधीं कधीं त्याचें घट्ट कवच बनतें आणि त्यानें पाण्याची वाट अरुंद होते. आणि गिलावा फुटला तर पाणी झिरपून बाजूच्या भिंती व खालचे आधार खचतात. म्हणजे आमच्या तलावांत जीं दोन दुखणीं मला दिसलीं, तींच दोन्ही त्यानें शेजारीं शेजारीं लिहून ठेवलीं आहेत.

आणि उपाय? तो अगदीं घरगुती शहाणपणाचा आहे. ज्या दुरुस्तीला पाणी बंद करावें लागतें ती उन्हाळ्यांत करूं नये, कारण त्या वेळीं पाण्याची गरज सर्वांत मोठी. ती वसंतांत किंवा शरदांत करावी. सामान आधीं सिद्ध ठेवून झपाट्यानें करावी, म्हणजे पाणी थोडेच दिवस बंद राहील. आणि एका वेळीं एकच कालवा घ्यावा. बांधकामाचा एकंदर हंगाम तो १ एप्रिल ते १ नोव्हेंबर असा ठरवितो. पण त्यांतहि कडक उन्हाळ्याचे दिवस काम थांबवावें असें बजावतो. चुना दगडांत नीट मुरून सर्व बांधकाम एकजीव होण्यास हवा समशीतोष्ण लागते, आणि कडक ऊन हें कडक हिमाइतकेंच गिलाव्याचें वैरी आहे, हें त्याचें कारण. आमच्या गवंड्यानें कधीं फ्रॉन्टिनसचें नांव ऐकलें नसेल. परंतु चैत्रांतल्या त्या सायंकाळीं तो मला जें बोलला तें हेंच नव्हे काय?

येथें कोणी म्हणेल, हा नियम रोमला तरी पाळतां आला काय? नेहमीं नाहीं. क्लॉडिया नांवाचा भव्य कालवा इ. स. ५२ मध्यें पुरा झाला. त्याच्या वेशीवरचे शिलालेख रोममध्यें आजहि वाचतां येतात. एका लेखांत सम्राट व्हेस्पेशियन ७१ मध्यें नमूद करतो कीं, कालवा नादुरुस्त होऊन नऊ वर्षें बंद होता, तो मीं स्वखर्चानें चालू केला. दुसऱ्या लेखांत त्याचा मुलगा टायटस ८१ मध्यें सांगतो कीं, तो जुनेपणानें मुळापासून ढासळला होता, म्हणून पुन्हां बांधून काढला. जुनेपणानें! एकोणतीस वर्षांचा कालवा! क्लॉडियसच्या वेळचे मोठमोठे कंत्राटदार मला येथें डोळ्यांसमोर दिसूं लागतात. पण पुराव्यावांचून त्यांना दोष देणें बरें नव्हे. एवढें मात्र खरें कीं, बांधणाऱ्याचें नांव कमानीवर कोरलें जातें आणि गिलावा भिजवीत बसणाऱ्याचें कोठेंच लिहिलेलें नसतें.

कोणतें पाणी कोठें वापरावें हाहि गिलावा रक्षणाचाच एक भाग आहे, आणि तोहि या कारभाऱ्याच्या दृष्टींतून सुटला नाहीं. ‘मार्किया’ या कालव्याचें पाणी थंड व निर्मळ म्हणून रोमभर नांवाजलेलें. चौकशींत असें आढळलें कीं, तें पिण्याचें पाणी स्नानगृहांना आणि कपडे धुणाऱ्या परटांना जात होतें. त्यानें कालव्यांचीं पाणीं निरनिराळीं केलीं. मार्कियाचें पिण्यास राखलें, आणि जुन्या ॲनिओचें गढूळ पाणी बागांना व हलक्या कामांना लावलें. निर्मळ दिसणारें पाणी जड नसतें असें मात्र समजूं नये. ॲनिओच्या खोऱ्यांतील पाण्यांत चुना इतका कीं तिवोलीजवळ त्याचे दगडच्या दगड बनतात. रोमच्या कित्येक इमारती ज्या ‘ट्रॅव्हर्टिन’ पाषाणाच्या आहेत, तो असाच पाण्यानें बसविलेला चुना. रोमन हौदांना एक सोय मात्र आपल्याहून अधिक होती. त्यांचें पाणी अखंड वाहतें असे, एका बाजूनें येई व दुसऱ्या बाजूनें जाई. त्यामुळें उन्हानें पाणी आटून क्षार वाढत जाण्यास अवसर मिळत नसे. आपण तेंच पाणी गाळून महिनेच्या महिने फिरवितों.

देखरेख सुटल्यावर काय होतें, याचें उदाहरण फ्रान्सच्या दक्षिणेस आहे. नीम शहरासाठीं रोमन लोकांनीं पहिल्या शतकांत सुमारें ५० किलोमीटर लांबीचा कालवा बांधला. त्याचा नदीवरचा त्रिमजली पूल, पों द्यु गार, चित्रांतून पुष्कळांनीं पाहिला असेल. प्रारंभीं कालव्याची सफाई होत होती. चौथ्या शतकापासून ती हयगयीची झाली, आणि चुन्याचे थर वाढत वाढत कांहीं ठिकाणीं अर्ध्या मीटरच्या आसपास गेले. शत्रूनें तो कालवा एका दिवसांत तोडला नाहीं. पाण्यानें आपली वाट आपणच बुजवीत आणली. गंमतीची गोष्ट अशी कीं, मध्ययुगांत आसपासच्या गांवकऱ्यांनीं हे थर खोदून काढले आणि ते बांधकामाचे दगड म्हणून वापरले. त्या थरांचे चिरे भिंतींत बसलेलीं देवळें तेथें आहेत. खुद्द रोमचें मरण निराळें. ५३७ मध्यें गॉथ लोकांनीं वेढा घालून कालवे तोडले आणि कॅराकॅलाचा तो मोठा हौद कोरडा पडला.

आधुनिक विद्येनें या जुन्या ज्ञानांत काय भर घातली? फार मोलाची. लँगेलियर नांवाच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापकानें १९३६ मध्यें एक गणित मांडलें. पाण्याची आम्लता, उष्णता, त्यांतील चुना आणि इतर क्षार मोजले कीं तें पाणी चुना टाकणारें आहे कीं खाणारें आहे हें त्यावरून सांगतां येतें. होय, खाणारें! ज्या पाण्यांत चुन्याचा अंश कमी, तें आपली भूक गिलाव्यावर भागवितें. आमच्या तलावाच्या भिंतीवर पट्टा आणि तळाला झीज, हें कोडें येथें सुटतें. उन्हाळ्यांत पाणी तापून, आटून कांठाशीं चुना टाकतें. मग तो पट्टा काढण्यासाठीं कोणी आम्ल ओततो, आणि तें जड असल्यामुळें तळाशीं जाऊन गिलावा खातें. लँगेलियरचा मूळ हेतु शहराच्या लोखंडी नळांना आंतून चुन्याचा अगदीं पातळ थर बसावा व ते गंजूं नयेत, हा होता. म्हणजे थर सर्वथा वाईट असेंहि नाहीं. कागदाएवढा असेल तर कवच, वीटेएवढा झाला तर फांस.

दुसरी भर उन्हाविषयीं. पाणी निर्जंतुक राखण्यास आपण क्लोरीन घालतों. रोमन लोकांना तो ठाऊक नव्हता. दुपारच्या उन्हांत तो कांहीं तासांतच नाहींसा होतो. मग रखवालदार आणखी ब्लीचिंग पावडर टाकतो, त्या पावडरींतून आणखी चुना पाण्यांत येतो, पाणी अल्कधर्मी होतें आणि पट्टा आणखी जाड होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत क्लोरीनला उन्हापासून वांचविणारें एक द्रव्य वापरांत आलें, पण तेंहि प्रमाणाबाहेर पडल्यास क्लोरीनचें कामच मंदावतें. संध्याकाळीं क्लोरीन घालणें, पाण्याची परीक्षा ठराविक दिवशीं करून वहींत लिहिणें, फार जड झालेलें कांहीं पाणी काढून नवें घेणें, पट्टा कोंवळा असतांनाच ब्रशानें घांसणें, हे उपाय बिनखर्चाचे आणि म्हणूनच दुर्लक्षिलेले. आणि मुख्य म्हणजे, गिलाव्याचा तलाव उन्हाळ्यांत कोरडा ठेवूं नये. पाणी हेंच त्याचें छत्र आहे.

आमच्या सभेची हकीगत अपुरी राहिली. तें हंसणारे गृहस्थ मनानें वाईट नव्हते. दोन दिवसांनीं ते माझ्या घरीं आले, टिपणांतील तो भाग माझ्याकडून वाचवून घेतला आणि म्हणाले, “पण मास्तर, आतां वैशाखांत गिलावा करावयाचा नाहीं, तर मुलांनीं सुट्टींत करावयाचें काय?” प्रश्न रास्त होता. फ्रॉन्टिनसहि प्रथम तेंच पाहतो कीं, लोकांना उन्हाळ्यांत पाण्यावांचून ठेवूं नये. तेव्हां असें ठरलें कीं, वर आलेले खडे तेवढे झिजवून सपाट करावे, मोठ्या भेगा बुजवाव्या, आणि तलाव लगेच भरून मुलांना मोकळा करावा. मोठें काम दिवाळीनंतर.

कार्तिकांत तें झालें. त्याच वृद्ध गवंड्याच्या हाताखालीं चार माणसें होतीं. सकाळीं व दिवस कलल्यावर थापी चाले, दुपारीं नव्या गिलाव्यावर छाया धरीत. खालच्या कोनांत त्यानें आपण होऊनच गोल गोट भरली. “पूर्वी असंच करायचे,” एवढेंच त्याचें स्पष्टीकरण. गिलावा ओला राखण्यास गोणपाटें आणलीं होतीं, आणि तीं भिजवीत राहण्यास एक पोऱ्या केवळ त्याच कामावर नेमला होता. काम पुरें होऊन गिलावा पुरेसा आवळला तसें न थांबतां पाणी सोडलें, आणि एकदां सोडल्यावर तें कांठापर्यंत भरेतों मध्यें बंद केलें नाहीं, कारण मध्येंच थांबल्यास तेथें रेघ उमटते.

रोमच्या त्या कारभाऱ्याचें टिपण कित्येक शतकें कोणाच्या खिजगणतींत नव्हतें. १४२९ मध्यें पोज्जो नांवाच्या विद्वानास माँटे कॅसिनोच्या मठांत त्याची एक हस्तलिखित प्रत सांपडली, म्हणून तें आपल्यापर्यंत आलें. आमच्या तलावाच्या कचेरींत आतां एक जाड वही ठेवली आहे. तिच्यांत दर सोमवारीं व गुरुवारीं पाण्याची परीक्षा लिहितात, आणि सही कोणाची आहे हें मी अधूनमधून जाऊन पाहून येतों.